किल्ली नक्की कुणाकडे आहे? – आमच्या तालुका क्रीडा संकुल समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तालुका क्रीडा संकुल समिती

(तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि बाकीच्या तालुक्यांतल्या पीटी मास्तरांनी आपापल्या तालुक्याचं नाव घालून वाचलं तरी एक अक्षर बदलावं लागणार नाही.)

साहेब, नमस्कार.

मी एका अनुदानित हायस्कूलवर पीटीचा मास्तर. २३ वर्षं झाली सर्व्हिसला. तुम्ही मला तोंडओळखीनं ओळखता, २६ जानेवारीला परेडच्या पुढं शिट्टी घेऊन पळत असतो तो मीच. मागच्या आठवड्यात संकुलाच्या गेटवर फ्लेक्स लागला की उद्यापासून २१ दिवस मैदान खरेदी महोत्सव आणि पाळण्यांच्या जत्रेला दिलेलं आहे, तरी सरावाला येणाऱ्या खेळाडूंनी सहकार्य करावं. सहकार्य करावं म्हणजे येऊ नये. आणि आमची जिल्हास्तर शालेय मैदानी स्पर्धा त्या दिवसापासून बरोब्बर १९ दिवसांवर होती.

तीन अर्ज दिले. तिन्हींवर पोच आहे, शिक्क्यासकट. उत्तर एकाचंही नाही. ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणाला सर वरून आलंय, वर गेलो तर वरचे म्हणाले समितीचा ठराव आहे, आणि समितीतल्या एकांना फोन लावला तर ते म्हणाले मास्तर मी त्या मीटिंगला नव्हतोच. म्हणून आता चारचौघात लिहितोय. मला कुठलं पॅनल नाही, पार्टी नाही, निवृत्तीनंतर झेडपीला उभं राहायचा विचार नाही. हे आधीच सांगतो कारण पहिला प्रश्न तोच येणार आहे.

ज्या गेटवर महोत्सवाचा फ्लेक्स लावला ना, त्याच्या खाली जुना फ्लेक्स अजून तसाच आहे. २०२४ चा, पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ आणलेल्या स्वप्नील कुसाळेचं अभिनंदन करणारा. मी उभं राहून मोजले, त्याच्यावर १४ फोटो आहेत, तेरा आपल्या तालुक्यातल्या मान्यवरांचे आणि एक स्वप्नीलचा. स्वप्नीलचा सगळ्यात लहान, कोपऱ्यात. नवीन फ्लेक्सची दोरी बरोबर त्याच्या गळ्यावरून गेलीये.

त्याच ऑलिम्पिकच्या वेळची गोष्ट. टपरीवर चहा पीत होतो, तुमच्यातल्याच एका सदस्यांनी विचारलं, काय मास्तर, १४० कोटींत एक गोल्ड नाही होय? सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही, कारण विचारणारे गृहस्थ ज्या समितीत आहेत तिच्याकडेच त्या प्रश्नाच्या उत्तराची किल्ली आहे. अक्षरशः किल्ली. गेटची.

आता आकडे सांगतो, म्हणजे मास्तर नुसता रडतोय असं नको. पॅरिसला आपले ११७ जण गेले. ६ मेडल आली, १ सिल्व्हर आणि ५ ब्राँझ, टेबलात ७१ वा नंबर. त्याच्या आधी टोकियोत ७ होती, नीरजचं गोल्ड धरून. त्याच्या आधी रिओला २, दोन्ही पोरींनी आणलेली, सिंधू आणि साक्षी. आणि पॅरिसला ६ वेळा आपण चौथे आलो. टपरीवरच्यांना चौथा म्हणजे हरलेला वाटतो, पण जगात चौथं येणं काय असतं ते ज्यानं तालुक्यात चौथं यायला घाम गाळलाय त्याला विचारा. मिल्खा सिंग १९६० ला रोममध्ये चौथे, उषा १९८४ ला लॉस एंजेलिसला सेकंदाच्या शंभराव्या भागानं चौथी. त्या दोन चौथ्या नंबरांच्या गोष्टी सांगत आमची अख्खी पिढी मोठी झाली. खेळाडूत दम नाही असं मला कुणी सांगू नका.

आता जमैका घ्या. लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास. आपला सातारा जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३० लाखांचा, म्हणजे साताऱ्यापेक्षा लहानच की. पॅरिसला त्यांची मेडल किती? ६. आपल्याइतकीच, वर त्यात एक गोल्ड. त्यांचं काही रक्त वेगळं, हाडं वेगळी असं लोक म्हणतात, असेलही थोडंफार, मी काय डॉक्टर नाही. पण तिथं शाळाशाळांच्या मैदानी स्पर्धा १९१० पासून चालू आहेत, त्यांना ते नुसतं चॅम्प्स म्हणतात, राजधानीच्या नॅशनल स्टेडियमवर पाच दिवस होतात, आणि लोक तिकीट काढून शाळेतल्या पोरांच्या शर्यती बघायला गर्दी करतात. बोल्ट पण शाळेत असताना तिथंच पळालाय. आमच्या जिल्हास्तर स्पर्धेला प्रेक्षक म्हणजे दुसऱ्या शाळांचे पीटी मास्तर, दोनचार पालक आणि एक भेळवाला. भेळवाल्याला सगळ्यांची नावं पाठ असतात, ते एक बरं आहे.

आपल्याकडं गर्दी जमतच नाही असंही नाही. जमते, पण नंतर. खाशाबा जाधवांचं बघा ना, गोळेश्वरचे, कराडजवळ. १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपॉल खर्डेकर, त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. मेडल घेऊन आले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, तर कुस्त्या भरवल्या, त्या लढले आणि त्यातनं खर्डेकरांचे पैसे फेडले. १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो पण मरणोत्तर. त्यांच्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल दिसलं ते डायरेक्ट २०२४ ला, कांबळवाडीच्या स्वप्नीलचं. मधे ७२ वर्षं गेली साहेब. आता खाशाबांची जयंती १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन आहे. आपल्या संकुलात पण साजरा होतो, हार, नारळ, फोटो, वडापाव. त्या दिवशी गेट उघडं असतं.

माझं यात काय अडलंय ते सांगतो.

आमच्या शाळेत एक पोरगी होती, नाव लिहीत नाही, तिच्या घरच्यांना आवडायचं नाही. वाडीवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, आजीकडं राहायची. आठवीत असताना पीटीच्या तासाला मी सगळ्यांना ग्राउंडला चार राऊंड मारायला लावले, ही ड्रेसची ओढणी कमरेला बांधून अनवाणी पळाली आणि मुलांच्या आधी येऊन उभी. दम पण लागलेला नाही. मला म्हणते सर अजून मारू का? अशी पोरं मास्तरला दहा वर्षांत एखादी दिसते. मी तिला १५०० आणि ३००० ला घातलं. शाळेचं ग्राउंड म्हणजे दोन व्हॉलीबॉल कोर्टांएवढं, वळणावर वळण, तिथं ३००० पळणं म्हणजे घाण्याचा बैल. म्हणून संकुलावर न्यायला लागलो. सकाळी साडेपाचला पोचायची, साडेचार किलोमीटर चालत, कारण त्या वेळेला वडाप नसतं. मी बाइकवरून फक्कीचं पोतं न्यायचो, दोघं मिळून ट्रॅक आखायचो, मग ती पळायची. आठवड्यातनं दोनदा तरी असं व्हायचं की ट्रॅक आखला आणि वॉचमन आला, सर आज सभा आहे, मंडप यायलाय, बाहेर व्हा. फक्की माझ्या पगारातली, ते जाऊ द्या.

एकदा कसला तरी मेळावा झाल्यावर मंडपाच्या लोखंडी खुंट्या तशाच राहिल्या होत्या, जमिनीच्या वर बोटभर. तिसऱ्या राऊंडला तिच्या टाचेत गेली. मी खुंटी उपटली, रुमाल बांधला, बाइकवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तीन टाके. तिथल्या सिस्टरनं रक्त पण तपासलं आणि मला बाजूला घेऊन ओरडली, मास्तर हिचं हिमोग्लोबिन ८.४ आहे आणि तुम्ही हिला पळवताय? मला खरंच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी पोरांचं रक्त तपासतो आणि मग शिट्टी वाजवतो. देशात १५ ते ४९ वयातल्या १०० बायकांमागे ५७ ना रक्त कमी आहे असं सरकारचाच सर्व्हे सांगतो, आणि आपण विचारतो की पोरी शेवटच्या राऊंडला ढेपाळतात का.

तरी ती जिल्ह्यात पहिली आली. विभागाला शहरात गेलो, सिंथेटिक ट्रॅक. तिनं तो लाल ट्रॅक हातानं चाचपून बघितला, गादीगत लागतंय म्हणाली. सगळ्या पोरींच्या पायात स्पाइक्स, म्हणजे पळायचे खिळ्यांचे बूट. हिच्याकडं नव्हते, दुसऱ्या शाळेच्या एका पोरीनं आपले दिले, एक नंबर मोठे, आत दोन मोजे घातले. आयुष्यात पहिल्यांदा स्पाइक्स घालून पहिल्यांदा सिंथेटिकवर विभागाची फायनल. दोन राऊंड सगळ्यांच्या पुढं होती. तिसऱ्याला पोटऱ्या भरून आल्या. चौथी आली.

चौथीच.

आता ती पोलिसात आहे, चांगलं आहे, घर सावरलं तिनं, मला अभिमान आहे. पण भरतीच्या वेळी ती मला जे बोलली ते ऐका. पोरींना ८०० मीटर असतं, २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० मार्क. ती म्हणाली सर मी २:२५ ला आले तरी २०, शेजारची २:५० ला आली तरी २०, मग मरायचं कशाला पळून? पोरांचं पण तेच, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, संपलं. साहेब, पहाटे साडेचारला आपल्या बायपासवर या कधीतरी, पन्नास-साठ पोरं पळत असतात ट्रकच्या लाईटीत, सगळी भरतीची. आपल्या तालुक्यात पळणाऱ्यांची कमी आहे कुठं? पण सगळ्यांची शर्यत नोकरीच्या दारापाशी संपते, त्याच्या पुढचे पंधरा सेकंद काढायचं कारणच नाही कुणाला. मी त्यांना नावं ठेवत नाही. मी पण असाच लागलोय, युनिव्हर्सिटीला ५००० पळायचो, नोकरी लागली आणि बूट माळ्यावर.

यावर तुमच्यातले एक ज्येष्ठ सदस्य नेहमी म्हणतात, ज्याच्यात दम आहे तो वर येतोच, अविनाश साबळे आला की नाही? आला ना. बीडच्या मांडव्याचा, लहानपणी सहा किलोमीटर शाळेत चालत पळत जायचा. पण त्याच्यातला धावपटू कुणी घडवला? आर्मीनं. बारावीनंतर भरती झाला, सियाचीनला ड्युटी केली, आणि नीट पळायला लागला ते २०१५ पासून, आर्मीच्या क्रॉसकंट्रीतनं. त्यानंतर सात वर्षांत बर्मिंगहॅमला ३००० स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, ८:११.२० ची वेळ देऊन कॉमनवेल्थचं सिल्व्हर, पहिल्या आलेल्या केनियाच्या पोरापेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागं. या माणसाला बाराव्या वर्षापासून असंच कुणी पळवलं असतं तर? स्वप्नीलचं पण तसंच, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला हे सरकारचं श्रेय, मान्य, पण वडलांनी कर्ज काढलं आणि पुढं रेल्वेनं नोकरी दिली तेव्हा रायफल हातात राहिली. साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, २०२३ ला बर्लिनला, मोठ्यांच्या गटात बरं का. तिची अकॅडमी पोलिसात असलेल्या एका माणसानं उसाच्या रानात उभी केलेली. म्हणजे आर्मी, रेल्वे, पोलीस, बाप, ऊस. या सगळ्या यादीत क्रीडा संकुल समिती कुठंय? वर आलेल्यांची नावं पेपरात येतात, जी आली नाहीत त्यांची माझ्या हजेरीपटात आहेत.

तर तक्रारी. जमेल तशा सांगतो, क्रम लावत बसत नाही.

मैदान हे मैदान राहिलेलं नाही. गेल्या वर्षभरात तिथं लग्नं झाली, पक्षांच्या सभा झाल्या, सप्ताह झाला, कृषी प्रदर्शन झालं, आणि लांब उडीच्या रनवेवर हेलिपॅडचा पांढरा एच अजून आहे. पोरं त्याच एचवरून टेकऑफ घेतात. इनडोअर हॉलमध्ये निवडणुकीला पेट्या ठेवल्या, समजू शकतो, देशाचं काम आहे, पण निकाल लागून किती महिने झाले, खुर्च्या आणि बांबू अजून तिथंच आहेत आणि बॅडमिंटनच्या लाईनी खाली दडल्यात. कार्यक्रम झाल्यावर खुंट्या, खिळे, काचा, चुलीचे दगड काढायची जबाबदारी कुणाची? आजपर्यंत ती आमच्या आठवी ब ची आहे. मुलींसाठी टॉयलेट आहे पण त्याला कुलूप आहे, त्याची किल्ली पण तीच, जी कुणाकडंच नाही. दहावीच्या पोरी सकाळी पाणी न पिता येतात सरावाला. कारण विचारू नका, समजून घ्या.

आमच्यात पण खोट आहे, ती झाकत नाही. आठशे पोरांमागे मी एकटा पीटी शिक्षक, त्यात बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी, सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं. परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो आणि मी गप्प देतो, कारण दहावीचा निकाल लागला की बोर्डावर नाव गणितवाल्याचं लागतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो शाळेला खेळाचं मैदान पाहिजे, कितीतरी शाळा शेजारच्या शाळेचं मैदान दाखवून मोकळ्या होतात.

खाण्याचं तर काय सांगू. पोषण आहार आठवीपर्यंत. नववीत गेलं की बंद, म्हणजे ज्या वर्षी पोर उंच व्हायला लागतं त्याच वर्षी ताट काढून घेतलं. आठवीपर्यंत जे अंडं मिळत होतं त्याचा निधी पण सरकारनं जानेवारी २०२५ ला बंद केला, लोकवर्गणीतनं द्या म्हणाले. आमच्याकडं लोकवर्गणी गणपतीला जमते. मी काय करतो, गुळ-शेंगदाण्याचे लाडू बायकोकडून करून घेतो आणि सरावानंतर दोन दोन वाटतो. एवढाच आमचा डायट प्लॅन.

प्रमाणपत्रांचा बाजार. दहावीला खेळाचे वाढीव गुण २५ पर्यंत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, हेतू चांगलाच होता. पण पालक येऊन मला विचारतात, सर गर्दी कमी कुठल्या खेळाला आहे? ट्रॅम्पोलिनची बोगस प्रमाणपत्रं घेऊन लोक नोकरीला लागल्याचं प्रकरण याच राज्यात गाजलं. ट्रॅम्पोलिन! आमच्या पाच तालुक्यांत कुणी ते प्रत्यक्ष बघितलेलं नाही, जत्रेतलं सोडून. तसंच वयाचं. चौदाखालच्या गटात मिशी फुटलेली पोरं उतरवतात, तिथं खरा तेरा वर्षांचा पोरगा पहिल्या फेरीत मार खाऊन घरी जातो आणि परत ग्राउंडवर येत नाही. चोरी जिंकते ते एक, आणि एक खरा पोरगा कायमचा जातो.

आणि इंजेक्शन. संकुलाच्या मागच्या भिंतीला मला दोनदा सिरिंजा सापडल्या, भरतीच्या सीझनला. एका पोराला धरून विचारलं तर म्हणतो सर पॉवरचं आहे, जिमवाल्यानं दिलंय, त्याला नाव पण माहीत नाही. जगाच्या डोपिंग संस्थेनं २०२३ चे आकडे काढले, भारताचे ५६०६ नमुने, त्यात २१३ सापडले, ३.८ टक्के, आणि एवढ्या मोठ्या संख्येनं तपासणी करणाऱ्या देशांत हे सगळ्यात जास्त. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणीवाले आलेत म्हटल्यावर १०० मीटरच्या फायनलला एकटाच पोरगा लाईनीवर उभा राहिला, बाकीचे गायब. लोकांनी त्याचे विनोद केले. मला हसू आलं नाही, मी ती भिंत बघितलेली आहे.

वरच्यांबद्दल फार लिहीत नाही, तो तुमचा विषय नाही. भारतीय ऑलिम्पिक संघटना २०१२ ला सस्पेंड, म्हणून २०१४ च्या सोचीत आपली पोरं उद्घाटनाला स्वतःच्या झेंड्याविना चालली. फुटबॉल संघटना २०२२ ला सस्पेंड. कुस्तीची २०२३ ला, त्या आधी आपल्या पैलवान पोरी दिल्लीत रस्त्यावर बसलेल्या सगळ्या जगानं बघितल्या. २०२५ ला नवीन क्रीडा कायदा झालाय, बघू. पण दिल्लीत जे मोठं होतं ते इथंच लहानपणी शिकलेलं असतं. खुर्ची माझी, मैदान माझं, खेळाडूनं सहकार्य करावं.

आता मागण्या. अवघड एक पण नाही, बहुतेकांना तर पैसे पण लागत नाहीत.

१. संकुल रोज पहाटे ५ ते ८ आणि संध्याकाळी ४ ते ७ खेळाडूंसाठी उघडं राहावं, सभा असो नाहीतर कुणाचा वाढदिवस.

२. जुलै ते जानेवारी, शालेय स्पर्धांच्या काळात, मैदान खेळाशिवाय कशालाही देऊ नये. बाकीच्या महिन्यांत द्यायचं तर आधी डिपॉझिट घ्या, आणि एक पण खुंटी राहिली तरी ते परत देऊ नका. शोधून आम्ही देतो, आठवी ब ला सवय आहे.

३. मैदान भाड्यानं दिल्याचे किती पैसे आले आणि कुठं गेले, ते दर तीन महिन्यांनी गेटवर लावा. फ्लेक्सला जागा आहेच.

४. मुलींच्या टॉयलेटचं कुलूप आजच्या आज काढा, आत पाणी आणि बल्ब द्या. याला ठराव कशाला पाहिजे?

५. भाड्याच्या पैशातनं स्पाइक्सचे २० जोड घ्या, ३ ते ८ नंबरचे. पोरं वापरून परत देतील, लायब्ररीच्या पुस्तकासारखं, रजिस्टर मी ठेवतो.

६. ग्रामीण रुग्णालयाशी बोलून जूनमध्ये एकदा आणि दिवाळीनंतर एकदा खेळाडूंची रक्ततपासणी ठेवा, मुलींची आधी. आणि त्याच दिवशी कुणीतरी जाणकार माणूस बोलवून इंजेक्शनबद्दल पोरांशी स्पष्ट बोला.

७. समितीवर एक पीटी शिक्षक आणि एक खेळाडू मुलगी घ्या. नियमात बसत नसेल तर निमंत्रित म्हणून बसवा, चहा आम्ही आमचा आणतो.

८. महोत्सवाच्या ठरावाची प्रत मला द्या. कोण मीटिंगला होतं आणि कोण नव्हतं ते तरी कळेल.

२०३० ची कॉमनवेल्थ अहमदाबादला होणार आहे, २०३६ चं ऑलिम्पिक मागायला आपला देश निघालाय, चांगलंय, स्टेडियम बांधा, मी पण बघायला जाईन पैसे साठवून. पण हिशेब करा साहेब. २०३६ ला जी पोरगी चोवीस वर्षांची असेल ती आज शाळेत आहे. आमच्या शाळेत असेल, तुमच्या गावच्या शाळेत असेल. तिला दहा वर्षांनी शोधायला कुणी येईल तेव्हा ती कुठल्या तरी चौकात बंदोबस्ताला उभी असेल, किंवा लग्न होऊन दोन पोरांच्या मागं पळत असेल, आणि तेव्हा परत टपरीवर कुणीतरी विचारेल, काय मास्तर, एक गोल्ड नाही होय?

जिल्ह्याच्या स्पर्धेला आता १२ दिवस उरलेत. पोरांना मी सध्या बायपासवर पळवतोय, पुढं पोरं, मागं मी बाइकची लाईट लावून, म्हणजे ट्रकवाल्याला दिसावं. सात पोरी, चार पोरं. पालकांना कळलं तर उद्यापासून सात पोरी येणार नाहीत.

उद्या मंगळवारी पहाटे सव्वापाचला आम्ही गेटवर थांबतोय. घोषणा नाही, उपोषण नाही, पत्रकार बोलवलेले नाहीत. पाळणे एका बाजूला सरकवून सहा फुटांची एक लेन मोकळी मिळाली तरी पोरं पळतील, फक्की मी आणलीये. काल वॉचमनला विचारलं तर म्हणाला किल्ली ऑफिसात आहे. ऑफिसात म्हणाले वॉचमनकडे आहे. पाळणेवाल्याला विचारलं तर त्यानं खिशातनं काढून दाखवली.

आपला,
एक पीटी मास्तर